पॉकेट ऑर्गनायझर: सेल बदलताना हात का थरथरायचा?

सोल्डरगन (धागाकर्ता)

परवा ऑफिसात डबा खाताना एका नव्या पोराने विचारलं, सर पीडीए म्हणजे नक्की काय असायचं हो. मी म्हटलं फोन नसलेला स्मार्टफोन समज. तर म्हणतो कसा, मग सगळे सारखेच असतील, नाव तेवढं वेगळं. घास घशातच अडकला राव.

आता त्याचंही चूक नाही. आजचे दहा कंपन्यांचे फोन खोलून टेबलावर मांडले तर आत तेच, एआरएमचा प्रोसेसर, लिथियमची बॅटरी, फ्लॅश मेमरी आणि वर काच. पण १९८४ ते २००० या काळात खिशात मावणारी जी यंत्रं आली त्यात दोन कंपन्यांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं, प्रोसेसर वेगळा, सेल वेगळे, कार्डाचा खाचा वेगळा, कुणाला कीबोर्ड तर कुणाला स्क्रीनवर लिहायची काडी.

सुरुवात सायनपासून करू. ब्रिटिश कंपनी, १९८४ चा ऑर्गनायझर. हिताचीचा ८ बिटी प्रोसेसर, २ केबी रॅम, म्हणजे वीज असेपर्यंतच माहिती धरणारी मेमरी (हो, केबीच), आणि स्क्रीन म्हणजे १६ अक्षरांची एकच ओळ. बटणं क्वर्टी नाही, एबीसीडी क्रमाने. चालायचा ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर, आपल्या मल्टिमीटरमध्ये जातो तोच.

मग कॅसिओच्या एसएफ मालिकेतल्या डिजिटल डायऱ्या, आपल्याकडे दुबईहून कुणी आलं की हमखास यायच्या. ३२ केबी, ६४ केबी, रबरी बटणं, चपटे बटण सेल. तशीच शार्पची आयक्यू-७०००, अमेरिकेत हिचंच नाव विझार्ड. हिची गंमत म्हणजे आयसी कार्ड एका पारदर्शक टचपॅनेलखाली सरकवायचं आणि कार्डावर छापलेली बटणं त्यातून दिसायची, म्हणजे कार्ड बदललं की कीपॅडच बदलला. मला अजूनही ही आयडिया भारी वाटते.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्यांतला खरा फरक मेगाहर्ट्झमध्ये नव्हता. सेल संपला की तुमच्या माहितीचं काय होतं, यात होता. पटतंय का? तुमच्याकडे काय काय होतं ते लिहा.

---

गिरगावची गॅलरी

डिजिटल डायरी!! आमच्या मावसभावाकडे होती, तो मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, जवळजवळ ४०० डॉक्टरांचे नंबर त्यात भरलेले, कुठल्या डॉक्टरला किती वाजता भेटायचं तेसुद्धा. कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक यंत्राची नव्हतीच. स्क्रीन फिकी दिसायला लागली म्हणून हा गेला कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे, त्या बिचाऱ्याने घड्याळासारखं मागचं झाकण उघडलं आणि सगळे सेल एकदम बाहेर काढून चिमट्याने ओळीत मांडले. संपलं. नवे सेल घातल्यावर डायरी विचारते तुमचं शहर कोणतं.

मावशी सांगते की तो दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर रिटायर होईपर्यंत त्याने कागदाची डायरी वापरली आणि ती रबरबँड लावून.

---

सोल्डरगन

@गॅलरी, अगदी हेच! त्या डायऱ्यांत मेन सेल आणि बॅकअप सेल असे दोन प्रकार असायचे. आधी एक बदलायचा, झाकण लावायचं, मग दुसरा. दोन्ही एकदम काढले की रॅम उघडी पडली, माहिती गेली.

---

शून्यभागिले

एक बाळबोध प्रश्न. एवढासा बटण सेल मेमरी वर्षभर कशी काय सांभाळतो? माझा फोन रात्री चार्जिंगला लावायचा राहिला तर सकाळी मेलेला असतो.

---

सोल्डरगन

बाळबोध नाहीये. त्या डायऱ्यांत स्टॅटिक रॅम असायची. तिला नुसतं धरून ठेवायला अगदी मायक्रोअँपिअरमध्ये करंट पुरतो, गड्याने दारात नुसतं बसून राहण्यासारखं. डायनॅमिक रॅमचं तसं नाही, तिची भांडी गळकी, सारखं पाणी ओतत राहावं लागतं, त्याला रिफ्रेश म्हणतात. म्हणून जिथे स्टॅटिक रॅम तिथे सेल जास्त टिकतो, पण ती महाग म्हणून थोडीच घालायचे. आणि रंगीत स्क्रीन, बॅकलाइट, वायफाय यातलं काही नव्हतंच की खायला.

---

रेडिंगकर

धागा बघून राहवलं नाही, बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी ८८ साली इंग्लंडला आलो तेव्हा इथे सायन ऑर्गनायझर टू जोरात होता, मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानांतसुद्धा वापरायचे. १९८६ चं मॉडेल, ओळी दोन झाल्या, अक्षरं १६ च. कुलकर्णी सदाशिव पेठ एवढं रोमनमध्ये लिहिलं की पेठ बाहेर, मग ओळ सरकवत वाचायची.

पण सोल्डरगन, तुम्ही डेटापॅकबद्दल लिहिलं नाहीत आणि तुमच्या मुद्द्याला तर तेच सगळ्यात जवळचं आहे. मागच्या बाजूला दोन खाचे, त्यात डेटापॅक बसायचा, आत ईप्रॉम. ईप्रॉमला माहिती टिकवायला सेल लागतच नाही, पॅक काढून टेबलाच्या खणात टाका, वर्षांनी लावा, माहिती जागेवर. फक्त एक मेख होती. ईप्रॉमवर लिहिलेलं खोडता येत नाही. तुम्ही डिलीट म्हटलंत की तो त्या नोंदीवर फक्त खूण करायचा की ही मेली असं समजा. एखाद्याचा फोन नंबर बदललात तर जुनी नोंद मेली आणि खाली नवी लिहिली, म्हणजे एकही माणूस न वाढता पॅक भरत जायचा. जागा परत पाहिजे तर पॅक बाहेर काढून अल्ट्राव्हायोलेट दिव्याच्या पेटीत ठेवायचा वीस-पंचवीस मिनिटं, मग सगळाच कोरा. आमच्या ऑफिसात ती पेटी स्टोअरकीपरच्या ताब्यात आणि तो ती देताना असा चेहरा करायचा की जणू स्वतःची किडनी देतोय.

---

मावळतीची लोकल

रेडिंगकर काका __/\__ अजून लिहा.

---

पावभाजी विदाऊट बटर

सगळे सायन सायन करताय, पण खरा कॉम्प्युटर खिशात पहिल्यांदा आणला तो अटारीने. पोर्टफोलिओ, १९८९. इंटेलचा ८०सी८८, साधारण ५ मेगाहर्ट्झ, १२८ केबी रॅम, ४० अक्षरं गुणिले ८ ओळी आणि डॉस, पीसीवर असायची तीच सिस्टिम! म्हणजे डॉससारखं, पण बऱ्याच गोष्टी चालायच्या. तीन पेन्सिल सेल.

आणि १२८ मध्येच तुमची सी ड्राइव्ह पण आणि प्रोग्रॅम चालवायची जागा पण, म्हणजे वन रूम किचनमध्ये कुणाला किती जागा ते आपणच ठरवायचं. कार्डाचा खाचा त्यांचा स्वतःचाच, पीसीएमसीआयए हा सामाईक प्रकार नव्हता, त्यामुळे दुसऱ्या कशाचं कार्ड चालायचं नाही. त्याच वर्षी पोकेट (Poqet) नावाच्या कंपनीचा पीसी आला, तो दोनच पेन्सिल सेलवर, कारण दोन बटणं दाबायच्या मधल्या वेळात तो प्रोसेसरच थांबवायचा. तुम्ही विचार करताय तेवढ्यात हा झोपला. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं आर्किटेक्चर.

---

सोल्डरगन

हाहाहा वॉचमन आर्किटेक्चर!

पोर्टफोलिओबद्दल बरोबर. आणि त्यानंतर १९९१ मध्ये एचपी ९५एलएक्स, त्यात ५१२ केबी रॅम, एनईसीचा व्ही२० प्रोसेसर, आणि लोटस १-२-३ हे स्प्रेडशीट थेट रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत. अकाउंट्सवाल्यांना अजून काय पाहिजे. मुद्दा परत तोच की दोन पेन्सिल सेल मेन आणि एक सीआर२०३२ बॅकअप. पेन्सिल सेल मेले तरी रॅम बटण सेलवर जगायची. स्क्रीन मात्र ४० बाय १६, म्हणजे पीसीची ८० कॉलमची स्क्रीन खिडकीतून बघितल्यासारखी तुकड्यातुकड्याने. ते दुखणं १९९३ च्या १००एलएक्समध्ये गेलं, पूर्ण ८० बाय २५, अक्षरं मुंगीएवढी. त्याचाच भाऊ २००एलएक्स, १९९४. तो १९९९ मध्ये बंद झाला तरी लोक आतला, प्रोसेसरला ठेका देणारा क्रिस्टल काढून दुसरा लावून वेग दुप्पट करून वापरत बसले होते.

---

चाळिशीचा चष्मा

सायन सिरीज ३ मध्येही एनईसीचाच व्ही३० होता ना? म्हणजे डॉसवाल्या इंटेल ८०८६ च्याच घरातला. मग त्यावरही डॉस चालत असणार. उगाच वेगळं वेगळं काय म्हणताय, आतून सगळे भाऊभाऊच की.

---

रेडिंगकर

चष्मा, प्रोसेसर एका घरातला असला म्हणून स्वयंपाक एक होत नाही हो. सिरीज ३ मध्ये (१९९१) व्ही३०एच होता खरा, पण त्यावर सायनची स्वतःची सिस्टिम होती, एकावेळी अनेक प्रोग्रॅम उघडे ठेवणारी. डॉसचा काही संबंध नाही. त्या काळी डेस्कटॉपवर लोक एक प्रोग्रॅम बंद करून दुसरा उघडायचे आणि इथे खिशातल्या यंत्रात डायरी, वर्ड आणि शीट तिन्ही उघडे, बटण दाबलं की उडी.

माझ्याकडे १९९३ चा ३ए होता (आहे! माळ्यावरच्या बॅगेत). ४८० बाय १६० ची स्क्रीन, आधीच्या ३ मध्ये २४० बाय ८० होती म्हणजे चौपट ठिपके, वेगही दुप्पट, ७.६८ मेगाहर्ट्झ. दोन पेन्सिल सेल बिजागरीच्या नळीत बसायचे आणि यंत्र उघडलं की ती नळीच फिरायची. दिसायला फार देखणं, पण बिजागरीला तडे जाणं हे या घराण्याचं खानदानी दुखणं, जगभरच्या लोकांची तीच तक्रार.

आणि दोन्ही बाजूंना सॉलिड स्टेट डिस्कचे खाचे, ए आणि बी. होय मंडळी, एसएसडी हा शब्द आम्ही तेव्हाच वापरत होतो. त्यातही दोन जाती. रॅमवाली डिस्क वेगवान, खोडता येणारी, पण तिच्या पोटात स्वतःचा बटण सेल, तो मेला की ती रिकामी. फ्लॅशवाली सेलशिवाय टिकायची पण खोडलेली जागा फॉरमॅट केल्याशिवाय परत मिळायची नाही, म्हणजे डेटापॅकचाच स्वभाव, फक्त दिव्याची पेटी गेली आणि स्टोअरकीपरची मिजास गेली.

---

मावळतीची लोकल

काका तो ३ए काढा ना माळ्यावरून, फोटो टाका.

---

शिरा की उपमा

कीबोर्डबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. सोल्डरगन, तुमचं सेलपुराण मान्य, पण माणूस यंत्र विकत घेताना सेल बघत नाही, हातात धरून बघतो. माझ्या मते फरक होता तो लिहायचं कशाने यात. रबरी बटणांवर नंबर टाकू शकता, पत्र नाही लिहू शकत.

सायनचा सिरीज ५ (१९९७) हातात घेतला होता मी एका कलीगचा. उघडायला लागलं की कीबोर्ड पुढे सरकतो आणि स्क्रीन मागे कलून त्याच्यावर टेकते. नुसती स्टाइल नाहीये ती. टचस्क्रीनवर काडीने दाबलं की एरवी असं यंत्र मागे कलंडेल, कीबोर्ड पुढे आल्यामुळे तोल सांभाळला जातो. आणि बटणं खरी, खाली जाणारी. मी इंडस्ट्रियल डिझाइनची विद्यार्थिनी होते तेव्हा, दहा वेळा उघडबंद करून शेवटी त्याने माझ्या हातातून काढून घेतला.

---

सोल्डरगन

शिराताई, त्या सरकण्याचीच किंमत मोजली ना पण. स्क्रीनकडे जाणारी पट्टी दर उघडझापेला दुमडायची आणि काही वर्षांनी स्क्रीनवर रेघा. कलीगने काढून घेतला ते बरोबरच केलं :)

आतला प्रोसेसर मात्र बदलला होता, सिरीज ५ मध्ये एआरएम, १८ मेगाहर्ट्झच्या आसपास. आणि त्याची ईपॉक सिस्टिम पुढे सिंबियन झाली, म्हणजे नोकियाचे जे स्मार्टफोन आपण वापरले त्यांचं आजोळ हे.

---

चाळिशीचा चष्मा

एआरएम म्हणजे न्यूटनचा उल्लेख पाहिजेच. न्यूटन म्हणजे ॲपलचा मेसेजपॅड, १९९३, एआरएम ६१०, २० मेगाहर्ट्झ. एआरएम ही वेगळी कंपनी १९९० मध्ये निघाली त्यात ॲपलचाही पैसा होता. स्क्रीन ३३६ बाय २४०, हाताने लिहिलेलं वाचण्याचा दावा, आणि पहिल्या मॉडेलने त्यात इतकी थट्टा ओढवून घेतली की पुढे चांगलं केलं तरी कुणी बघेना. १९९७ च्या मेसेजपॅड २००० मध्ये १६२ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म (एआरएमचाच वेगवान भाऊ) होता, त्या वेळी पाममध्ये १६ होते, १६! तरी फेब्रुवारी ९८ मध्ये दुकान बंद.

मेगाहर्ट्झने काही होत नाही हा सोल्डरगनचा मुद्दा इथे मान्य. माझा आधीचा प्रतिसाद मागे.

---

सोल्डरगन

धन्यवाद चष्मा, धाग्यावर मत बदललेला पहिला माणूस दिसला, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

आता पाम. हा माझा आवडता विषय म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला होता. १९९६ चा पायलट १०००. मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, १६ मेगाहर्ट्झ, १२८ केबी, १६० बाय १६० चौकोनी स्क्रीन, बॅकलाइट नाही, दोन ट्रिपल ए सेल. कागदावर बघितलं तर न्यूटनसमोर अगदीच गरीब. पामचा संस्थापक जेफ हॉकिन्सने आधी लाकडाचा ठोकळा कापून तो खिशात घालून फिरवला, मीटिंगमध्ये तो काढून लिहिल्याचं नाटक करायचा, मापं त्यातून ठरली. शर्टाच्या खिशात मावलं पाहिजे ही अट पहिली, बाकी हार्डवेअर त्या अटीत बसेल तेवढंच.

हस्ताक्षराचंही तसंच. न्यूटन म्हणाला तुम्ही कसंही लिहा मी वाचतो, त्याला ताकद लागते. पाम म्हणाला तुम्हीच माझी ग्राफिटी लिपी शिका, एका फटक्यात एक अक्षर, ए म्हणजे बिनआडव्या रेघेचा ए. स्वस्त प्रोसेसरने मालकालाच शाळेत घातलं.

आणि सेल! पाममध्ये बॅकअप सेल नव्हताच. थोडीशी वीज साठवणारा एक कपॅसिटर. जुने सेल काढल्यावर तो रॅमला साधारण मिनिटभर धरून ठेवायचा, मिनिटाच्या आत नवे सेल घाला अशी सूचना मॅन्युअलमध्येच. मी नवे सेल आधी पॅकिंगमधून काढून, अधिक उणे बघून, टेबलावर रांगेत मांडून मग झाकण उघडायचो, बायको म्हणायची बॉम्ब निकामी करतोयस का.

पण त्यांची खरी हुशारी क्रेडलमध्ये, म्हणजे पाम उभा करून पीसीला जोडायच्या स्टँडमध्ये होती. बाकीच्यांकडे पीसीला जोडायची वायर म्हणजे वेगळी विकत घ्यायची वस्तू. पामच्या खोक्यातच क्रेडल, त्यावर एकच बटण, दाबलं की सगळं पीसीवर. त्यामुळे कपॅसिटरने दगा दिला तरी काल संध्याकाळपर्यंतचं आयुष्य शाबूत. म्हणजे सायनने विश्वास ठेवला फ्लॅशवर, एचपीने सीआर२०३२ वर, आणि पामने टेबलावरच्या पीसीवर.

---

पावभाजी विदाऊट बटर

हे शेवटचं वाक्य पटलं. फक्त एक ॲड करतो, पाम थ्री (१९९८) पासून सिस्टिम फ्लॅशमध्ये गेली म्हणून अपग्रेड करता यायची, आणि इन्फ्रारेड आलं. दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या पोटाकडे पाम रोखून व्हिजिटिंग कार्ड पाठवतायत हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याने काहीच पाहिलं नाही. पाम व्ही (१९९९) मध्ये चार्ज होणारी बॅटरी आली, तिथून सेलची मजा संपली.

---

इलेक्ट्रॉनिक सिटीतला कोकणी

विंडोज सीई राहिलं, मायक्रोसॉफ्टची खिशातल्या यंत्रांसाठीची सिस्टिम. १९९६ च्या शेवटी आलं आणि तिथे हार्डवेअरचा गोंधळ म्हणजे कहर. कॅसिओच्या कॅसिओपियात हिताचीचा एसएच३ प्रोसेसर, फिलिप्सच्या वेलोत मिप्स प्रोसेसर, नंतर कॉम्पॅकच्या आयपॅकमध्ये स्ट्राँगआर्म. बाहेरून सगळ्यांवर तेच स्टार्ट बटण, पण एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालणार नाही. सॉफ्टवेअर उतरवताना तुमची चिप कोणती हे विचारायचे, आता ते कुणाला माहीत असणार? पॉकेट पीसी २००२ या पुढच्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टने सांगितलं की आता फक्त एआरएम, तेव्हा ते थांबलं. सोल्डरगनचं ते पोरगं जे म्हणतं ना सगळे सारखेच, ते इथून पुढे खरं व्हायला लागलं.

अवांतर: आपला सिंप्युटर विसरू नका. हे यंत्र बनवलं इथेच बंगळुरात, आयआयएससी या विज्ञान संस्थेची मंडळी आणि एन्कोअर कंपनी यांनी. आत स्ट्राँगआर्म आणि लिनक्स, पण वेगळेपण होतं स्मार्टकार्डच्या खाच्यात. एक यंत्र अख्ख्या गावाने वापरायचं आणि प्रत्येकाची माहिती ज्याच्या त्याच्या कार्डावर. बाकी सगळे ऑर्गनायझर एका साहेबाच्या एका खिशासाठी, आणि हा भाड्याच्या सायकलसारखा. फार चालला नाही, पण माहिती कुठे ठेवायची या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असंही होतं.

---

सोल्डरगन

कोकणी, मस्त मुद्दा. हा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

---

रेडिंगकर

मंडळी, लोकलच्या आग्रहाने ३ए काढला. वाईट बातमी, आत पेन्सिल सेल तसेच राहिले होते आणि फुटलेत, नळीत पांढरी पावडर, स्प्रिंग हिरवी. काही उपाय?

---

सोल्डरगन

घाबरू नका. अल्कलाइन सेलची गळती आहे, म्हणजे अल्कली, तिला सौम्य ॲसिड लागतं. कान साफ करायच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबू, थोडंसंच, फसफसलं की पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने परत पुसून पूर्ण सुकू द्या. पावडर फुंकू नका, डोळ्यात जाईल. स्प्रिंग काळी राहिली तर नेलफाइलने हलकेच घासा. आणि बिजागरीला जपून, खानदानी दुखणं तुम्हीच सांगितलंत.

---

रेडिंगकर

चालू झाला!!! स्क्रीनवर एक उभी रेघ गेली आहे पण चालू झाला.

आतली मेमरी अर्थातच कोरी, बॅकअपचा बटण सेल कधीच मेला होता. ए मध्ये रॅमची डिस्क होती, तीही कोरी. बी मध्ये फ्लॅशची डिस्क होती, ती मात्र जशीच्या तशी. वर्डची एकच फाइल आहे, फेब्रुवारी ९६ ची. उघडली. वाटलं काहीतरी महत्त्वाचं असेल म्हणून जपून फ्लॅशवर ठेवलं असेल.

यादी आहे. भारतातून आणायचं सामान, रोमनमध्ये. गोडा मसाला १ किलो, कुळथाचं पीठ, आमसुलं, बाळंतशेपा, हिंगाच्या डब्या ४, सांडगी मिरची, आणि खाली कॅपिटलमध्ये, आईचा चष्मा विसरू नये.

---

गिरगावची गॅलरी

बाळंतशेपा? अभिनंदन काका, तीस वर्षं उशिरा का होईना.

---

रेडिंगकर

धन्यवाद :) मुलगीच आत्ता शेजारी बसून ती यादी वाचतेय. विचारतेय कुळथाचं पीठ म्हणजे काय.